सही केली नाही तर

ती माझ्याकडे आली तो एकोणिसावा दिवस होता. हे तिला माहीत नव्हतं. कागद कधी मिळाले, असं विचारल्यावर तिने तारीख सांगितली नाही. "बुधवार होता," म्हणाली. बुधवारी मुलीची शाळा लवकर सुटते, म्हणून मुलगी घरी होती आणि दार तिनेच उघडलं होतं. एका अनोळखी माणसाने आईचं नाव विचारलं, जाड लिफाफा आईच्या हातात दिला आणि तो निघून गेला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. तिसावा दिवस पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी येत होता.

लिफाफा तिने इंडियन स्टोअरच्या पिशवीत आणला होता. आत नवऱ्याचा घटस्फोटाचा अर्ज होता. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. पोर्टलंडच्या पश्चिमेला आमच्या भागात निम्मे मराठी लोक तेच काम करतात. त्याला अ‍ॅरिझोनात नवी नोकरी मिळाली होती आणि उन्हाळ्यात तो तिकडे जाणार होता. अर्जात मागणी अशी होती: सात वर्षांची मुलगी वडिलांबरोबर जाईल, कस्टडी वडिलांकडे राहील आणि आईला मुलगी शाळेच्या सुट्ट्यांत भेटेल, एक सुट्टी सोडून एक. तीस दिवसांत आईने कोर्टात उत्तर दिलं नाही, तर नवऱ्याचा वकील 'डिफॉल्ट' मागू शकत होता. म्हणजे समोरून कोणी आलेलं नाही, तेव्हा मागितलं ते द्या. अशा वेळी न्यायाधीश बहुधा आईला न पाहताच हुकमावर सही करतात.

एवढं मी तिला पाच मिनिटांत सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण ताई, मी सही करणारच नाहीये."

"कशावर?"

"कशावरच. मी सही केली नाही तर डिव्होर्स होतच नाही ना."

हे वाक्य मी त्या खोलीत पहिल्यांदा ऐकत नव्हते. भारतात दोघांच्या संमतीचा अर्ज असला आणि एकाने सही अडवून धरली, की प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळतं. आपल्या माणसांनी कायद्यातली एवढी एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवली आहे, की न केलेल्या सहीत ताकद असते. विमानात बसताना ती गोष्ट सामानाबरोबर आणतात. ऑरेगनमध्ये तिचा उपयोग नाही. इथे दोघांपैकी एकाला नको झालं की लग्न संपतं. दुसऱ्याने उत्तरावर सही करायची असते ती घटस्फोटाला हो म्हणण्यासाठी नसते. मुलीबद्दल आणि घराबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे, एवढं नोंदवण्यासाठी ती असते.

हेही मी सांगितलं. तिने मान हलवली. मग विचारलं, "तुम्ही वकील ना?"

"नाही. लायसन्स्ड पॅरालीगल."

याचा अर्थ सांगण्यात माझ्या कामाचा बराच वेळ जातो. नुसता पॅरालीगल वकिलाच्या हाताखाली काम करतो. आमच्या राज्यात काहींना परीक्षा घेऊन स्वतंत्र परवाना मिळतो. घटस्फोट, कस्टडी, मुलांचा खर्च, भेटीचं वेळापत्रक, यांत आम्ही अशिलाला कायदेशीर सल्ला देऊ शकतो, कागद तयार करून कोर्टात दाखल करू शकतो, समोरच्या वकिलाशी वाटाघाटी करू शकतो, मध्यस्थापुढे अशिलाच्या शेजारी बसू शकतो. न्यायाधीशांपुढे उभं राहून बाजू मांडू शकत नाही. ती वेळ आली तर वकील लागतो. बरीच प्रकरणं तिथवर जात नाहीत, फॉर्म वेळेवर भरला तर. ती आधी एका वकिलाकडे गेली होती. त्याची आगाऊ रक्कम ऐकून ती परतली, आणि तिथल्या रिसेप्शनवरच्या बाईने तिला माझा नंबर दिला.

मी तिच्यासमोर करारपत्र ठेवलं. मी तिचं काम करीन, एवढंच त्यात होतं. तिने ते हातात घेतलं, शेवटचं पान उलटलं, सहीची रेघ पाहिली आणि कागद परत टेबलावर ठेवला.

"काकांना विचारते."

काका म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. न्यू जर्सीत पार्सिपनीला राहतात. भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त. घरातल्या लग्नांपासून ते कोणी कुठलं घर घ्यावं इथपर्यंत सगळं त्यांना विचारून होत आलेलं. मी म्हटलं, तुमच्या प्रकरणाबद्दल मला काकांशी बोलायचं असेल तर तुमची लेखी परवानगी लागेल, आणि शिवाय तिसरा माणूस संभाषणात आला की ते गोपनीय राहीलच असं नाही. परवानगीचा कागद मी तिच्याकडे सरकवला. त्यावर तिने न वाचता सही केली.

*

काकांशी बोलणं बुधवारी झालं, एकविसाव्या दिवशी. ती माझ्या खोलीत, काका व्हिडिओवर. त्यांच्या मागे ट्रेडमिल होती आणि तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल.

"नमस्कार. चाळीस वर्षं झाली मला या देशात," काकांनी सुरुवात केली. "तुमचं क्वालिफिकेशन काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"म्हणजे कंपाउंडर."

ती खाली बघत बसली.

"तुमच्या हॉस्पिटलमध्ये नर्स प्रॅक्टिशनर होत्या ना, काका? त्या औषधं लिहून द्यायच्या."

"द्यायच्या. पण गडबड झाली की डॉक्टरला बोलवायच्या."

"मीही तेच करते. गडबड अजून झालेली नाही. आत्ता फक्त एक फॉर्म भरायचाय."

"फॉर्म भरायचा नाही," काका म्हणाले. "तो भरला की भांडण लागलं. मी जावयांशी स्वतः बोललोय. रविवारी बैठक आहे, झूमवर. त्यांचे आईवडील पुण्याहून, हिचे नागपूरहून, मी इथून. सगळे समोरासमोर बसू. तोपर्यंत कोणी काही करायचं नाही, सह्याबिह्या काही नाहीत, असं ठरलंय."

"कोणत्या रविवारी?"

"ह्या नाही, पुढच्या. ह्या रविवारी त्यांच्याकडे कसलीशी पूजा आहे."

मी मोजलं. तो बत्तिसावा दिवस होता.

"काका, मुदत त्याच्या आधीच्या शुक्रवारी संपते."

"मग दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

आभाळ कोसळत नाही, हे खरं होतं, आणि मी तसं सांगितलं. एकतिसाव्या दिवशी आपोआप काही होत नाही. समोरच्या वकिलाने अर्ज करावा लागतो. तो सोमवारी करेल की महिन्याने, हे त्याच्या हातात. एकदा हुकूम झाला की तो फिरवणं अवघड, आणि दरम्यान मुलगी अ‍ॅरिझोनात शाळेत जायला लागलेली असेल.

"बैठकीचं ठरलंय हे त्यांच्या वकिलाला माहीत आहे?" मी विचारलं.

"वकिलाला काय सांगायचंय त्यात? घरचा विषय आहे."

"मग असं करू. मी त्यांच्या वकिलाला पत्र लिहिते, दोन आठवडे मुदत वाढवून द्या म्हणून. जावयांनी फक्त हो म्हणायचं. लेखी."

"अहो, लेखी मागायचं म्हणजे माझा तुमच्यावर विश्वास नाही, असंच झालं ना ते? माणसाने शब्द दिलाय."

"त्यांनी कोर्टात अर्ज दिलाय."

"ते रागात केलं त्याने." काका पुतणीकडे वळले. "अगं, तू काही करू नकोस. रविवारपर्यंत शांत राहा. इकडे उत्तर टाकायचं आणि तिकडे बैठकीला बसायचं, कसं दिसतं ते? मी कोणत्या तोंडाने बोलू त्यांच्याशी?"

"हो काका," ती म्हणाली.

व्हिडिओ बंद झाल्यावर मी तिला विचारलं, तुम्हाला काय वाटतं. ती म्हणाली, काकांचं बरोबर आहे आणि तुमचंही बरोबर आहे. मग मुलीच्या स्विमिंगची वेळ झाली म्हणून गेली. करारपत्र टेबलावरच होतं.

*

अमेरिकेत येण्याआधी मी सात वर्षं एका जिल्हा दैनिकात बातम्यांच्या टेबलावर होते. तिथे एक गोष्ट अंगात मुरते: पान छपाईला सोडायची वेळ ठरलेली असते आणि बातमी आली नाही म्हणून पान थांबत नाही. दुसरीही एक समजूत मुरते, की माहिती अचूक आणि क्रमवार दिली की वाचणाऱ्याला ती कळते. या समजुतीपायी मी त्या आठवड्यात एक चूक केली. तिला सव्वा पानाचं ईमेल पाठवलं. तारखा ठळक अक्षरांत, परिणाम क्रमाने, मराठीत, एकही विशेषण नाही. मला ते चांगलं जमलंय असं वाटलं होतं.

उत्तर आलं, "थँक यू ताई." पुढे दोन जोडलेले हात.

चोविसाव्या दिवशी मी फोन केला. ती म्हणाली, वाचते. सव्विसाव्या दिवशी फोन केला. ती म्हणाली, काका म्हणतायत एवढा फॉलोअप करतात म्हणजे त्यांना केस हवीय. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या प्रकरणाचं काम काढलं. ज्या अशिलाने करार केलेला नाही, ती कायद्याने माझी अशील नाही. तिच्यामागे लागणं माझ्या कामात बसत नव्हतं. तरी सत्ताविसाव्या दिवशी, मंगळवारी, इंडियन स्टोअरमध्ये ती समोर आली तेव्हा मी कोथिंबिरीच्या जुड्यांपाशी उभी राहिले. बाहेर कुठे अशील भेटलं तर आपण आधी ओळख दाखवायची नाही, असा माझा नियम आहे. मुलगी ट्रॉलीच्या दांडीला लटकत होती.

"मॉम, इज शी द पेपर लेडी?"

"मराठीत बोल," ती म्हणाली, आणि मुलगी गप्प झाली. मग माझ्याकडे न बघता, भेंडी निवडत निवडत ती म्हणाली, "गुरुवारी येऊ का? हिची शाळा सुटायच्या आत."

"या."

"मॉम, डॅड सेड अ‍ॅरिझोना हॅज अ पूल इन द हाउस."

भेंडी निवडणारे हात तेवढे थांबले. मी डाळींच्या बाजूला वळले.

*

गुरुवारी, एकोणतिसाव्या दिवशी, ती सकाळी साडेदहाला आली आणि खुर्चीत बसायच्या आत म्हणाली, "ताई, सही न करता उत्तर देता येतं का?"

"नाही."

"म्हणजे नुसतं कळवायचं. की मला मान्य नाही म्हणून."

"त्यालाच उत्तर म्हणतात. आणि त्याच्या खाली सही लागते."

"काका म्हणाले, सही केली की आपण कोर्टात शिरलो."

"तुम्ही कोर्टात आहातच. एकोणतीस दिवस झाले. फक्त तुमची खुर्ची रिकामी आहे."

हे मी जरा जोरात म्हटलं असावं. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथल्या यंत्राचा आवाज येत होता.  मी करारपत्राचा विषय सोडला. हा पहिल्या भेटीचाच उरलेला भाग आहे असं स्वतःशी ठरवलं आणि तिच्या नवऱ्याचा अर्ज उघडला. तोवर मी तिला त्यात काय आहे त्याचा सारांश सांगितला होता. सारांश हे माझं काम होतं, आणि ते मी बरोबर केलं होतं. पण तिने स्वतः तो अर्ज वाचलेला नाही, हे मला त्या दिवशी कळलं. घटस्फोट हा शब्द पहिल्या पानावर वाचून तिने लिफाफा देवघराच्या कप्प्यात ठेवून दिला होता.

मी पहिल्या ओळीपासून मराठीत वाचायला लागले. नावं, लग्नाचं ठिकाण, मुलीची जन्मतारीख. ती खिडकीबाहेर पार्किंगकडे बघत होती. सहाव्या पानावर मुलीबद्दलचा मजकूर आला.

"मुलीच्या जन्मापासून तिचा मुख्य सांभाळ वडिलांनी केलेला आहे."

तिने मान वळवली. "काय?"

मी पुन्हा वाचलं.

"सांभाळ म्हणजे?"

"सकाळी उठवणं. जेवण. शाळा, डॉक्टर, कपडे, अभ्यास. हे कोण करतं, ते."

"असं लिहिलंय त्याने? इंग्लिशमध्ये?"

"हो. आणि पुढे, आई घराबाहेर काम करत असल्याने तिला वेळ देऊ शकत नाही."

ती एका पाळणाघरात रोज चार तास काम करत होती, मुलगी शाळेत असते ते चार तास. मी पेन घेतलं आणि विचारायला सुरुवात केली. मुलीच्या बुटाचा नंबर काय? एक. उजवा पाय थोडा मोठा, म्हणून दीडचे घ्यावे लागतात. डॉक्टर? त्यांचं नाव, त्यांच्या नर्सचं नाव, पुढच्या लशीचा महिना. काजू चालत नाहीत, घसा सुजतो. वर्गशिक्षिका? वाचनाचा कोणता गट? डब्यात काय आवडतं? पोळीचा रोल, पण शाळेत त्याला रॅप म्हणायचं, भाजी दिसली नाही पाहिजे. झोपताना? दार किलकिलं ठेवायचं, पूर्ण उघडं नाही. मी विचारायच्या आधी उत्तरं येत होती. तीन पानं भरली. एवढे दिवस ती माझ्या प्रत्येक प्रश्नाला "काकांना विचारते" म्हणत होती. या प्रश्नांपैकी एकही तिला काकांना विचारावा लागला नाही.

"आणि नवरा यातलं काय करतो?"

ती थांबली. ती खोटं बोलणार नाही हे मला तेव्हा कळलं. "शनिवारी स्विमिंगला नेतो. गणित तोच घेतो. चांगलं घेतो."

"लिहिते."

"लिहा."

मग मी अर्जाचं शेवटचं पान वाचलं. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा असून तो पुरावा म्हणून वापरला जाईल याची मला जाणीव आहे, असं त्यात होतं. खाली तारीख आणि सही.

"ही कोणाची सही?" तिने विचारलं.

"त्यांची."

तिने पान स्वतःकडे ओढलं. इंग्रजीत, घाईत केलेली, शेवटचं अक्षर रेघेच्या खाली गेलेलं.

"त्याने सही केलीय."

"त्याशिवाय अर्ज दाखल होत नाही."

"तो म्हणाला होता सह्याबिह्या कोणी करायच्या नाहीत. काकांनाही तेच म्हणाला." तिने बोट तारखेवर टेकवलं. "ही तर कागद यायच्याही आधीची आहे."

"हो."

 गेले दहा दिवस मी जे सांगत होते ते सगळं त्या एका सहीत होतं, आणि ती पहिल्या दिवशीही त्याच पानावर होती. पहिल्या दिवशीच ते पान तिच्यासमोर धरलं असतं, तर माझं ईमेल, दोन फोन आणि तिची रात्रीची झोप वाचली असती. ते मला सुचलं नाही.

ती निघाली तेव्हाही सही झालेली नव्हती. "उद्या येते," म्हणाली.

"पाचच्या आत या. मी पाचला बंद करते."

दाखल करण्याचं काम कंप्युटरवरून होतं आणि ते मध्यरात्रीपर्यंत चालतं. हे मी तिला सांगितलं नाही. बारा सांगितले असते तर ती पावणेबाराला आली असती.

*

शुक्रवारी चार वाजायला दहा मिनिटं असताना ती आली. मुलगी बरोबर होती, कारण ठेवायला दुसरं कोणी नव्हतं. मुलीला खाली दवाखान्याच्या बाकावर, माशांच्या टाकीसमोर बसवलं. रिसेप्शनवरची मुलगी लक्ष ठेवते म्हणाली.

तिने आधी करारपत्रावर सही केली, मग उत्तरावर. मराठीत, पूर्ण नाव, शाळेतल्या वहीवर घालतात तशी.  दोन्ही वेळा पेनाचं टोपण लावून पेन सरळ ठेवलं.

"काकांना सांगितलं?"

"नाही."

"रविवारी त्यांनी विचारलं तर?"

"विचारणार नाहीत," ती म्हणाली. "ते मला विचारत नाहीत, ताई. सांगतात."

चार वाजून सव्वीस मिनिटांनी उत्तर दाखल झालं. त्याची प्रत समोरच्या वकिलाच्या ऑफिसला गेली. मी तिला पोचपावती छापून दिली. तिने ती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि खाली गेली. जिन्यावरून मुलीचा आवाज आला, एक मासा मेलाय आणि कोणाला माहीतच नाही.

रविवारची बैठक मी पाहिली नाही. तिने सोमवारी सकाळी जे सांगितलं ते असं: दीड तास चालली. पुण्याचे आधी बोलले, मग नागपूरचे, मग काका. नवरा शेवटी म्हणाला, मला विचार करायला दोन आठवडे द्या, तोपर्यंत सगळं आहे तसं ठेवू. काका खूश झाले. ती काहीच बोलली नाही. तिला कोणी काही विचारलंही नाही.

त्याच सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी समोरच्या वकिलाच्या सहायकाचं ईमेल आलं. दोन ओळींचं. आम्ही आज डिफॉल्टचा अर्ज दाखल करण्याच्या तयारीत होतो. शुक्रवारचं उत्तर मिळालं, आता पुढचं वेळापत्रक ठरवू. ते मी तिला पाठवलं. तिने काकांना पाठवलं. दहाच्या सुमारास मला काकांचा फोन आला. या वेळी व्हिडिओ नव्हता.

"ते मेल मला वाचून दाखवा."

"तुमच्याकडे आहे ना, काका."

"आहे. तरी वाचा."

मी वाचलं.

"आज म्हणजे आज? सोमवारी?"

"हो."

"काल तो माझ्यासमोर दोन आठवडे मागतोय, आणि आज..." काका थांबले. "त्याला माहीत असेल का?"

"ते मला सांगता येणार नाही. वकील मुदत पाहून आपोआप अर्ज तयार ठेवतात. जावयांनी वकिलाला थांबवलं नव्हतं, एवढं कागदावरून दिसतं."

 मग काका म्हणाले, "हिने मला न सांगता केलं."

"हो."

"बरं केलं." आणि लगेच, आवाज पहिल्यासारखा करून: "इथे माझ्या मित्राच्या मुलीचं असंच चाललंय. तिचा फॉर्म तुम्ही भराल का?"

"न्यू जर्सीत माझा परवाना चालत नाही, काका. तिथे असा परवाना मुळात नाही."

"म्हणजे कंपाउंडर, तोही एकाच गावचा," काका म्हणाले. "काय देश आहे हा." आणि फोन ठेवला.

*

पुढे साडेपाच महिने गेले. दोन बैठका झाल्या, मध्यस्थापुढे. दोन्ही वेळा मी तिच्या शेजारी बसले. न्यायाधीशांपुढे जायची वेळ आली नाही. नवरा अ‍ॅरिझोनाला गेला. ठरलं ते असं: शाळेचं वर्ष मुलगी आईकडे, उन्हाळ्याचे सहा आठवडे वडिलांकडे, सुट्ट्या वाटून. महिन्यातून एकदा वडील इकडे येतील, शाळेतून मुलीला घेतील आणि चार दिवस ठेवतील. गणित व्हिडिओवर चालू राहील. ते वाक्य तिने घालायला लावलं.

शेवटच्या कागदांवर सह्या करायला ती आली तेव्हा माझी पुढची भेट चाळीस मिनिटांनी होती. एकोणीस पानं होती आणि प्रत्येक पानावर आमचं फोनवर दोनदा बोलणं झालेलं होतं. मी सहीच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या. तिने चिठ्ठ्यांकडे पाहिलं नाही. पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागली. ओठ हलवत, बोट ओळीखाली ठेवून, एखादा शब्द अडला की फोनवर शोधत. मी घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटांत ती आठव्या पानावर पोचली.

"हे सगळं आपण ठरवलंय तेच आहे," मी म्हटलं.

"हो ताई," ती म्हणाली, आणि वाचत राहिली.

अकराव्या पानावर बोट थांबलं.

"इथे लिहिलंय, शाळेच्या दिवशी वडील मुलीला पावणेतीनला शाळेतून घेतील."

"शाळा पावणेतीनला सुटते."

"बुधवारी सव्वाएकला सुटते. तो बुधवारी आला तर ती दीड तास गेटवर उभी राहील."

मी पान माझ्याकडे घेतलं. तसंच लिहिलेलं होतं, आणि ते मी लिहिलं होतं. समोरच्या वकिलाने तपासलं होतं, मध्यस्थाने तपासलं होतं, मुलीच्या वडिलांनी पाहिलं होतं. बुधवारी शाळा लवकर सुटते, ही तिने मला सांगितलेली पहिली गोष्ट होती.

पान बदलायचं म्हणजे समोरच्या वकिलाला पाठवायचं, त्याने अशिलाला विचारायचं, मग परत. पुढची भेट खाली जिन्यापाशी येऊन थांबलेली. मी म्हटलं, याला तीन-चार दिवस लागतील. बाकीच्या पानांवर आज सही करून ठेवायची का?

"नको," ती म्हणाली. "ते पान येऊ दे."

चौथ्या दिवशी दुरुस्त पान आलं. तिने ते वाचलं. मग मागची दहा पुन्हा वाचली, पुढची आठही, आणि त्यानंतर सह्या केल्या.